लिटल अंदमानचे राखणदार

बंगळूरच्या पूर्वेकडील मारतहळ्ळी हे नाव आता महाराष्ट्रातील अनेक घरांत परिचयाचे झाले आहे. मुलगा किंवा मुलगी संगणक क्षेत्रात नोकरीस लागली की पत्त्यात हे नाव येते आणि निवृत्त आईवडील वर्षातून एखाद-दुसरा महिना तेथे राहून येतात. रुंद रस्ता, उड्डाणपूल, काचेच्या इमारती आणि रात्री उशिरापर्यंत न थांबणारी वाहने एवढेच चित्र ते बरोबर घेऊन परततात. या वस्तीपासून थोड्याच अंतरावर बेळंदूर तलाव आहे. बंगळूरमधील हा सर्वांत मोठा तलाव २०१५ नंतरच्या काही वर्षांत देशभर चर्चेत आला तो पाण्यावर तरंगणाऱ्या पांढऱ्या फेसामुळे आणि त्याच पाण्याने घेतलेल्या पेटामुळे. जानेवारी २०१८ मध्ये तेथील आग विझविण्यासाठी लष्कराच्या जवानांना पाचारण करावे लागले होते.

आपल्या उंबरठ्यावरचे तळे ज्या शहराला राखता आले नाही, त्याच शहरात काही माणसे सोळाशे किलोमीटर दूर, बंगालच्या उपसागरातील एका बेटाच्या वाळूवर उमटणाऱ्या कासवांच्या मागांचा हिशेब वर्षानुवर्षे ठेवीत आली आहेत. भारतीय विज्ञान संस्था, म्हणजे जुन्या पिढीचे ‘टाटा इन्स्टिट्यूट’, येथील प्राध्यापक कार्तिक शंकर आणि २००८ साली स्थापन झालेल्या ‘दक्षिण फाउंडेशन’ या बंगळूरच्या संस्थेतील त्यांचे सहकारी यांनी हाती घेतलेल्या या कामाचे ठिकाण म्हणजे लिटल अंदमान. या बेटावर कासव येते, कारण किनारा शिल्लक आहे. किनारा शिल्लक आहे, कारण त्यामागे जंगल उभे आहे. आणि जंगल उभे आहे ते ओंगी नावाच्या, संख्येने शे-सव्वाशेच्या घरात असलेल्या एका जमातीच्या नावावर ते राखून ठेवले गेले म्हणून. ही साखळी तुटू नये यासाठी ज्यांनी आपापल्या परीने हात लावला, त्यांत पुण्या-मुंबईची माणसे आहेत, पोर्ट ब्लेअरची आहेत आणि ब्रह्मदेशातून शंभर वर्षांपूर्वी येऊन अंदमानात रुजलेली करेन माणसेही आहेत.

अंदमान म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे सेल्युलर जेल आणि स्वातंत्र्यवीर सावरकरांची कोठडी उभी राहते, आणि ते स्वाभाविकच आहे. बँकेतील आपली कित्येक मंडळीही ‘एलएफसी’ घेऊन तेथे जाऊन येतात. कोठडीपुढे नतमस्तक होतात, स्वराज द्वीपाच्या किनाऱ्यावर सूर्यास्त पाहतात, शंख-शिंपल्यांच्या वस्तू आणतात. लिटल अंदमानला मात्र सहसा कोणी जात नाही. पोर्ट ब्लेअरहून (२०२४ पासून श्रीविजयपुरम) दक्षिणेकडे बोटीने सहा ते आठ तास प्रवास केल्यावर हट बे हे बंदर लागते. बेटाचे क्षेत्रफळ सातशे चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक. पूर्व किनाऱ्यालगत वस्ती, शेती, नारळी-पोफळीच्या बागा; आत आणि पश्चिमेला सदाहरित अरण्य, खाड्या, खारफुटी आणि त्या खाड्यांतून फिरणाऱ्या खाऱ्या पाण्यातील मगरी.

साठ वर्षांपूर्वीपर्यंत हे सारे बेट ओंगींचे होते. ते त्याला ‘गौबोलांबे’ म्हणतात. रानडुकराची शिकार, खाडीतले मासे व खेकडे, कंदमुळे, फणसाच्या जातीची फळे, होडीतून भाला फेकून मारलेले कासव आणि ऋतुमानाप्रमाणे मध, यांवर या समाजाची उपजीविका चालत आली. मध गोळा करण्याची त्यांची रीत मुद्दाम सांगण्याजोगी आहे. आपल्याकडे सह्याद्रीत आग्या मोहोळ काढायचे तर धूर करावा लागतो, चूड पेटवावी लागते, आणि त्यात माश्यांची राख होते. ओंगी माणूस ‘तोंजोघे’ नावाच्या, वेलदोड्याच्या कुळातील एका वनस्पतीचा पाला चावतो, त्याचा रस अंगाला फासतो, झाडावर चढतो आणि तोंडातला रस फुंकरीने पोळ्यावर उडवितो. माश्या बाजूला होतात. तो पोळे कापून घेऊन खाली उतरतो. विस्तव नाही, धूर नाही, दंशही नाही. १९८० च्या दशकात शास्त्रज्ञांनी या वनस्पतीचा अभ्यास करून तिच्यातील मधमाश्यांना पळविणाऱ्या गुणाची नोंद केली. ओंगींना ते त्यापूर्वी किती पिढ्या ठाऊक होते, हे कोण मोजणार? मुद्दलाला धक्का न लावता व्याजावर निर्वाह करावा, हे तत्त्व बँकेच्या खिडकीपाशी आपण नेहमी ऐकतो. ते आचरणात आणणारा हा समाज चलनी नोटांशी मात्र अगदी अलीकडेपर्यंत अपरिचित होता.

१९०१ च्या जनगणनेत ओंगींची संख्या ६७२ नोंदली गेली होती. २०११ च्या जनगणनेत ती १०१ होती.

कागदावरचे जंगल

स्वतंत्र भारतात आदिम जमातींच्या संरक्षणासाठी १९५६ साली अंदमान-निकोबारकरिता स्वतंत्र विनियम करण्यात आला आणि १९५७ साली संपूर्ण लिटल अंदमान आदिवासी राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाले. परंतु पुढच्या आठच वर्षांत दुसरा कागद तयार झाला. केंद्र सरकारच्या पुनर्वसन मंत्रालयाच्या आंतरविभागीय पथकाने १९६५ मध्ये अंदमान-निकोबारच्या ‘वेगवान विकासा’चा अहवाल सादर केला. लिटल अंदमानवरील सुमारे चाळीस टक्के जंगल तोडून बारा हजार कुटुंबे वसवावीत, तेल माडाच्या लागवडी कराव्यात, लाकडावर चालणारे उद्योग काढावेत, अशा त्याच्या शिफारशी होत्या. हे बेट आधीच कोणाच्या तरी नावे आहे, ही गोष्ट त्या हिशेबात जणू धरलीच गेली नव्हती.

फाळणीनंतर पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांना या बेटावर जमिनी देण्यात आल्या. निकोबारी कुटुंबेही येथे आणून वसविण्यात आली. १९७२ आणि १९७७ मध्ये राखीव क्षेत्राचा सुमारे दोनशे चौरस किलोमीटरांचा भाग कमी करण्यात आला. वन विकास महामंडळ आले, तेल माडाची सुमारे सोळाशे हेक्टरांची लागवड झाली, हट बेच्या धक्क्यावर लाकडाचे ओंडके रचले जाऊ लागले. १९७६ साली स्थापन झालेल्या ‘अंदमान आदिम जनजाती विकास समिती’ने ओंगींना डुगाँग क्रीक आणि साउथ बे या दोन ठिकाणी पत्र्याच्या छपराच्या घरांत आणले, शिधा सुरू केला, नारळाच्या बागेत काम दिले. हेतू वाईट नव्हता. पण जंगलात हिंडून अन्न मिळविणारा समाज एका जागी बसून तांदूळ, डाळ, चहा आणि तंबाखूची वाट पाहू लागला, तेव्हा त्याच्या हातून केवळ भटकंतीच सुटली नाही, त्या भटकंतीतून मिळालेले जंगलाचे ज्ञानही सुटू लागले.

१९९८ च्या सुमारास या प्रश्नाकडे दोन बाजूंनी लक्ष वेधले गेले. पोर्ट ब्लेअरमध्ये समीर आचार्य यांची ‘सोसायटी फॉर अंदमान अँड निकोबार इकॉलॉजी’ ही छोटी संस्था प्रशासनाकडे चिकाटीने पत्रव्यवहार करीत होती. पुण्यातून ‘कल्पवृक्ष’ या पर्यावरण गटाचे पंकज सेखसरिया बेटांवर फिरत होते. छायाचित्रे घेत होते, वन विभागाचे नकाशे व कार्य आयोजना पडताळून पाहत होते. त्यांतून असे निदर्शनास आले, की झाडे तोडण्याची आखणी ओंगींच्या राखीव क्षेत्राच्या आतपर्यंत पोचली आहे. राखीव म्हणून घोषित केलेले जंगल एका विभागाच्या कागदावर जमातीचे होते आणि दुसऱ्या विभागाच्या कागदावर लाकडाचे. या दोन संस्थांबरोबर मुंबईची, १८८३ पासून निसर्गाभ्यासाची परंपरा चालविणारी ‘बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी’ उभी राहिली आणि तिघींनी मिळून न्यायालयाचे दार ठोठावले.

प्रकरण आधी कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पोर्ट ब्लेअर येथील खंडपीठापुढे गेले आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात, देशभरच्या वनांसंबंधी चालू असलेल्या गोदावर्मन खटल्यात दाखल झाले. ऑक्टोबर २००१ मध्ये न्यायालयाने बेटांवरील वृक्षतोडीस अंतरिम स्थगिती दिली आणि त्यानंतर परिस्थितीची पाहणी करण्यासाठी शेखर सिंह यांचा एकसदस्य आयोग नेमला. आयोगाने बेटांवर फिरून, अधिकारी, वसाहतकरी, लाकूड व्यापारी आणि कार्यकर्ते अशा सर्वांचे म्हणणे ऐकून फेब्रुवारी २००२ मध्ये अहवाल दिला. त्यातील बहुतेक शिफारशी स्वीकारणारा आदेश ७ मे २००२ रोजी निघाला.

आदिवासी राखीव क्षेत्रे, राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांतील तोड त्या आदेशाने थांबविली. बेटांबाहेर लाकूड पाठविण्यास मनाई केली. वनजमिनीवर तेल माडासारख्या लागवडी वाढविण्यास आळा घातला. आणखी एक कलम वाचताना सहज नजरेआड होण्यासारखे आहे, पण आपल्या विषयाशी त्याचा निकटचा संबंध आहे. ते म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरील वाळूचा उपसा टप्प्याटप्प्याने कमी करणे. बेटांवर इमारतींसाठी लागणारी वाळू किनाऱ्यावरूनच उचलली जाई, आणि कासव अंडी घालते तेही त्याच वाळूत. लाकडाविरुद्धचा लढा अशा रीतीने कासवाच्याही उपयोगी पडला.

आदेशाची सारीच कलमे अमलात आली असे नव्हे. जरावांच्या अरण्यातून जाणारा अंदमान ट्रंक रोड काही टप्प्यांत बंद करण्याचेही त्यात होते; तो बंद झाला नाही, वाहने ताफ्याने जात राहिली. परंतु लिटल अंदमानच्या राखीव क्षेत्रात करवत थांबली, हे निश्चित.

येथे वसाहतकऱ्यांची बाजूही ध्यानात घ्यायला हवी. ती माणसे स्वत:हून घुसलेली नव्हती. एक देश गमावल्यावर सरकारनेच बोटीत बसवून त्यांना या बेटावर आणले होते. लाकडाचा धंदा बंद पडल्यावर कित्येकांच्या हातचे काम गेले. पोर्ट ब्लेअरमध्ये त्या काळात या तीन संस्थांविषयी बरेच कटू बोलले गेले, आणि ते बोलणाऱ्यांत केवळ व्यापारी नव्हते. जंगल राखण्याची किंमत नेहमी त्या जंगलाच्या काठावर राहणारा गरीब माणूस आधी मोजतो. अंदमानही त्याला अपवाद ठरले नाही.

वाळूवरची पावले

कासवांची गोष्ट याहून जुनी आहे आणि तिची सुरुवात एका विलक्षण माणसापासून होते. सतीश भास्कर यांनी १९७० आणि १९८० च्या दशकांत भारताचा किनारा अक्षरश: पायी पालथा घातला. पाठीवर पिशवी, सोबत बहुधा कोणी नाही. १९८२ च्या पावसाळ्यात लक्षद्वीपमधील सुहेली या निर्जन बेटावर ते हिरव्या कासवांच्या नोंदी घेण्यासाठी एकटेच राहिले. पावसाळ्यात तेथे होडी जात नाही, हे ठाऊक असूनच ते गेले होते. घरी खुशाली कळविण्याचा मार्ग नव्हता, म्हणून त्यांनी पत्नीला लिहिलेले पत्र बाटलीत घालून समुद्रात सोडले. ती बाटली चोवीस दिवसांनी श्रीलंकेच्या किनाऱ्यावर एका कोळ्याला सापडली आणि त्या भल्या गृहस्थाने पत्र टपालात टाकले! अंदमान आणि निकोबारचे किनारेही भास्करांनी असेच पिंजून काढले, आणि लेदरबॅक या महाकाय कासवाची भारतातील महत्त्वाची विणीची ठिकाणे तेथे आहेत हे जगापुढे आणले. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी गोव्यात काढली. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

लेदरबॅक म्हणजे जगातील सर्वांत मोठे समुद्री कासव. पाठीवर टणक कवच नसून चामड्यासारखी जाड त्वचा आणि त्यावर लांबट कंगोरे असतात. पूर्ण वाढलेल्या मादीचे वजन तीनशे ते पाचशे किलो. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर येणारी ऑलिव्ह रिडले कासवे आपल्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिली असतील. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या साहाय्याने तेथे चालविलेले काम महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. त्या रिडलेपुढे लेदरबॅक उभे केले, तर शेळीशेजारी म्हैस उभी केल्यासारखे दिसेल. भारताच्या मुख्य भूमीवर ते अंडी घालण्यास आता क्वचितच येते. निकोबार बेटे आणि लिटल अंदमान हेच त्याचे देशातील घर.

भास्करांच्या पायवाटेवरून पुढे गेलेल्या तरुणांना बेटांवर आधार मिळाला तो ‘अंदमान निकोबार एन्व्हायरन्मेंट टीम’ या केंद्राचा. मद्रास क्रोकोडाइल बँकेने दक्षिण अंदमानातील वांडूर येथे ते उभारले, आणि आता ‘दक्षिण फाउंडेशन’ ते सांभाळते. या केंद्राचा कणा मात्र बंगळूर-मद्रासहून आलेले पदवीधर नाहीत. तो आहे करेन मंडळींचा. १९२५ साली इंग्रज सरकारने ब्रह्मदेशातील काही करेन कुटुंबे मध्य अंदमानात मायाबंदरजवळच्या वेबी येथे आणून वसविली. जंगल आणि समुद्र दोन्हींत सारखाच सराईत असा हा समाज. प्रवाह कधी फिरेल, कोणत्या खाडीत मगर आहे, लाटेवरून डोंगी कोणत्या क्षणी किनाऱ्याला लावायची, हे त्यांना विचारावे. संशोधक तीन वर्षे राहतो, प्रबंध लिहितो आणि जातो. करेन सहकारी वीस-पंचवीस वर्षे त्याच किनाऱ्यावर पुढच्या संशोधकाला चालायला शिकवीत असतो. शोधनिबंधांच्या शेवटी आभाराच्या ओळीत त्यांची नावे येतात. तो क्रम खरे तर उलटा असायला हवा.

२६ डिसेंबर २००४ च्या पहाटे अशीच एक तुकडी ग्रेट निकोबारच्या गॅलाथिया उपसागरावर होती. लेदरबॅकच्या विणीचा तो सर्वांत महत्त्वाचा किनारा आणि हंगाम ऐन भरात. त्सुनामीच्या लाटांत छावणी वाहून गेली. अंबिका त्रिपाठी हा तरुण संशोधक त्यात दगावला. त्याचा करेन सहकारी मात्र बचावला. पृथ्वीच्या पोटातील त्या हालचालीने ग्रेट निकोबारचा दक्षिण भाग खचला आणि तेथील वाळूचे किनारे पाण्याखाली गेले. कासवांना अंडी घालण्यासाठी जागाच उरली नाही.

त्या दिवशी लिटल अंदमानवरही लाटा आल्या. हट बेची वस्ती उद्ध्वस्त झाली, माणसे गेली. परंतु डुगाँग क्रीकचे ओंगी वाचले. समुद्र विपरीत रीतीने मागे हटलेला त्यांनी पाहिला आणि ते उंचावरील जंगलाकडे निघून गेले. त्या सकाळी ओंगींकडे ना वेधशाळेचा संदेश होता, ना भोंगा. वाडवडिलांकडून ऐकलेले पुरेसे ठरले.

काही वर्षांत समुद्राने वाळू पुन्हा आणून टाकली आणि किनारे हळूहळू घडू लागले. २००८ पासून लिटल अंदमानच्या साउथ बे येथे आणि त्यानंतर वेस्ट बे येथे लेदरबॅकच्या नियमित नोंदी सुरू झाल्या. वेस्ट बेचा किनारा ओंगींच्या राखीव क्षेत्रात येतो. तेथे जाण्यासाठी प्रशासनाची परवानगी लागते, आणि पोचण्यासाठी हट बेहून डोंगीने बेटाला वळसा घालावा लागतो. तांदूळ, डाळ, रॉकेल, औषधे, बॅटऱ्या असे सारे सामान लाटांतून उतरवून नोव्हेंबरच्या सुमारास छावणी उभी राहते, ती मार्च-एप्रिलपर्यंत. विजेची तार नाही, दुकान नाही. आजारी पडणाऱ्याने समुद्र शांत असलेला दिवस निवडून आजारी पडावे, अशी तेथील परिस्थिती.

काम रात्रीचे. अंधार पडल्यावर दोघेदोघे किनाऱ्यावरून चालू लागतात. पांढरा विजेरीचा झोत टाकायचा नाही. मादी बिथरून परत फिरते. वाळूवर ट्रॅक्टरचे चाक गेल्यासारखा रुंद पट्टा दिसला, की त्या मागाने वर जायचे. ती मागच्या पायांनी खड्डा खणत असते. पायाचा वल्ह्यासारखा पंजा ओंजळीसारखा वळवून वाळू इतकी हलकेच बाहेर टाकते, की पाहणाऱ्याला त्या अवजड देहाचा विसर पडतो. अंडी घालू लागली की ती काहीशी गुंगीत असते. तेवढ्या अवधीत लांबी-रुंदी मोजायची, खांद्याच्या स्नायूत तांदळाच्या दाण्याएवढी ओळखचिप सुईने बसवायची, आणि आधीच बसविलेली असेल तर तिचा क्रमांक वाचायचा. एका खेपेस शंभरच्या आसपास अंडी. नऊ ते बारा दिवसांनी तीच मादी पुन्हा येते. एका हंगामात अशा कित्येक खेपा होतात, आणि मग दोन-तीन वर्षे ती दिसत नाही. चिपेचा क्रमांक जुळला, की चार वर्षांपूर्वीची पाहुणी परतली हे कळते. छावणीतील लोक त्या रात्री झोपत नाहीत म्हणतात, आणि ते खरे असावे.

वेळासला अंडी उचलून कुंपणातील उबवणी केंद्रात ठेवतात. तेथे कोल्हे-कुत्र्यांपासून आणि पूर्वी माणसांपासून ती वाचवायची होती. येथे घरटी शक्यतो जिथल्या तिथेच ठेवतात. घोरपडी येतात, डुकरे येतात, ते जंगलाचे नित्याचे देणे झाले. वस्तीकडून आलेली कुत्री मात्र ज्या किनाऱ्यावर पोचतात तेथे हिशेब बिघडतो. एकेका हंगामात या दोन किनाऱ्यांवर मिळून शंभरांहून अधिक घरटी नोंदली गेली आहेत.

ही कासवे जातात तरी कोठे, हे पाहण्यासाठी २०११ ते २०१४ या काळात दहा माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसविण्यात आली. बंगळूरमध्ये संगणकाच्या पडद्यावर ठिपके उमटू लागले. काही ठिपके सुमात्राच्या कडेने आग्नेयेस ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याकडे निघाले, तर काही हिंदी महासागर ओलांडून नैर्ऋत्येस मादागास्करकडे. एक मादी तेरा हजार किलोमीटरांहून अधिक अंतर पोहून आफ्रिकेच्या किनाऱ्याशी, मोझांबिकला पोचली. तिला तेथील जाळ्यांतून वाचविणे ओंगींच्या हाती नाही, बंगळूरच्या हातीही नाही. जेथे तिचा जन्म झाला तो किनारा तिच्यासाठी मोकळा ठेवणे एवढेच त्यांना शक्य आहे.

मोकळा ठेवण्याची किंमत

डिसेंबर २००८ मध्ये डुगाँग क्रीकच्या किनाऱ्यावर समुद्रातून वाहत आलेला एक प्लास्टिकचा डबा ओंगींना सापडला. त्यातील द्रव दारू आहे असे समजून काहींनी तो प्राशन केला. आठ पुरुष मृत्युमुखी पडले. शंभर माणसांच्या समाजातील आठ कर्ती माणसे एका दिवशी जाणे म्हणजे काय, याची कल्पना करण्यासाठी आकडेमोड फारशी लागत नाही. राखीव क्षेत्राच्या सीमेवर फलक लावता येतो, पहारा ठेवता येतो. समुद्रावर कसा ठेवणार?

आणि कागदही पुन:पुन्हा येतात. २०२१ च्या प्रारंभी लिटल अंदमानच्या विकासाचा नवा आराखडा चर्चेत आला. नीती आयोगाच्या त्या दस्तऐवजात विमानतळ, पर्यटन आणि नव्या नगरीची कल्पना मांडली होती. तीसाठी बेटावरील २४० चौरस किलोमीटर जागा आणि राखीव क्षेत्राचा सुमारे १३८ चौरस किलोमीटरांचा भाग लागणार होता. बेटावरील वन विभागाच्याच अधिकाऱ्याने त्यापूर्वी लेखी आक्षेप नोंदविला होता आणि त्यात ओंगींबरोबरच लेदरबॅकच्या किनाऱ्यांचाही उल्लेख होता. हा आराखडा वृत्तपत्रांतून लोकांपुढे मांडणाऱ्यांत पंकज सेखसरिया हेही होते. आता ते आयआयटी मुंबईत अध्यापन करतात. वीस-बावीस वर्षांपूर्वी पाहिलेले नकाशे त्यांना पुन्हा उघडावे लागले. १९६५ च्या अहवालात लाकूड आणि तेल माड होते, २०२१ च्या आराखड्यात पर्यटन आणि विमानतळ. त्याच वर्षी ग्रेट निकोबारवरील गॅलाथिया उपसागराचा अभयारण्याचा दर्जा काढून घेण्यात आला. तेथे आता मोठ्या बंदराचा प्रकल्प योजिलेला आहे. त्सुनामीनंतर ज्या किनाऱ्यावर वाळू परत आली आणि तिच्यामागोमाग कासवेही परत आली, तोच हा किनारा.

बेटांवर रस्ते नकोत, दवाखाने नकोत, असे यातील कोणीही म्हणत नाही. हट बेच्या रहिवाशाला रुग्णालय हवेच आहे आणि बोट वेळेवर सुटायला हवीच आहे. प्रश्न एवढाच, की ज्यांच्या नावावर जमीन आहे त्यांना विचारले गेले का, आणि विचारले तर कोणत्या भाषेत.

या शेवटच्या बाबतीत थोडे बदलू लागले आहे. ओंगींची संख्या अलीकडच्या सरकारी नोंदींत सव्वाशेच्या पुढे गेली आहे. डुगाँग क्रीकला शाळा आहे; २०२५ मध्ये त्या शाळेतील नऊ ओंगी विद्यार्थी दहावीची परीक्षा उत्तीर्ण झाले. या समाजात हे प्रथमच घडले. ही मुले हिंदी बोलतात, अर्ज वाचू शकतात, आणि त्यांच्यातील काहींना तोंजोघेचा पाला ओळखता येतो, काहींना येत नाही. पुढचा अहवाल येईल तेव्हा तो त्यांना स्वत: वाचता येईल.

दरम्यान नोव्हेंबर आला की हट बेच्या धक्क्यावर डोंगीत तांदळाची पोती चढतात आणि करेन नावाडी पश्चिमेचा वारा पाहत बसतो.